खड्डा, जिना आणि घरच्या बाईचा पगार

(मंडळाच्या वर्धापनदिनी पेण येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की पाककृती, प्रवास किंवा मुलांचे संगोपन यांपैकी एखादा विषय घ्यावयाचा अशी आपल्याकडे रीत आहे. चिटणीसबाईंनी मला "कायद्याचे काहीतरी सोपेसे सांगा" अशी गळ घातली. मी वकील नव्हे, हे आधीच सांगते. पेणच्या एका वकिलांच्या कचेरीत मी अठ्ठावीस वर्षे टंकलेखन केले. आधी खडखडणाऱ्या यंत्रावर केले आणि मग संगणकावर. दावे, कैफियती, नोटिसा, प्रतिज्ञापत्रे यांची इतकी पाने या बोटांखालून गेली की कायद्याची भाषा न शिकताच माझ्या अंगवळणी पडली. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या मुलीला फोडणीचा वास कळतो तसेच ते आहे. तेव्हा मी जे सांगेन ते जाणत्या वकिलाचा सल्ला म्हणून ऐकू नका. एका टंकलेखिकेचा, आणि त्याहूनही एका थोरल्या जावेचा, कबुलीजबाब म्हणून ऐका.

माझे माहेर रोह्याचे आणि सासर पेणचे. कुंडलिकेच्या काठची मुलगी भोगावतीच्या काठी आली एवढाच काय तो माझा प्रवास. या दोन गावांमध्ये आगगाडी आहे, परंतु तिच्या वेळा आपल्या सोयीच्या असतीलच असे नाही, म्हणून माणसे रस्त्याने जातात. रस्ता कसा आहे हे आपणास मी काय सांगावे! मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा तुकडा चौपदरी करण्याचे काम 2011 साली सुरू झाले. त्या वर्षी ज्या मुली पहिलीच्या वर्गात बसल्या होत्या, त्या आता कॉलेजात जाऊन आल्या.

माझी धाकटी जाऊ 2018 सालच्या श्रावणात रोह्याला मंगळागौरीला निघाली. भावजी स्कूटर चालवीत होते, ती मागे बसली होती आणि मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा होता. सकाळभर पाऊस पडून गेला होता. रस्त्यावर पाणी साचले की खड्डा आणि सपाट जागा दोन्ही सारखीच चकाकतात. पुढचे चाक आत गेले, स्कूटर थांबली, आणि जाऊ मात्र थांबली नाही. उजवे मनगट मोडले आणि कमरेच्या हाडाला चीर गेली. भावजींना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, आणि हीच गोष्ट त्यांना पुढे फार जड गेली. हा रस्ता कोणता आणि कोणत्या कचेरीच्या ताब्यातला, ते मी मुद्दाम सांगत नाही. आमच्याजवळ पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून नाव घ्यावयाचे नसते हे मी कचेरीत शिकले.

पुरावा का नाही, तेच सांगावयाचे आहे.

इस्पितळात भरती केल्यावर पोलिसांकडे खबर जाते, तशी गेली. जबाब कोणी दिला? ज्यांचे डोके ठिकाणावर नव्हते त्या भावजींनी. लिहिले काय गेले? "पावसामुळे गाडी घसरून पत्नी पडली." खड्डा हा शब्द त्या कागदावर नाही. मग रीतीप्रमाणे गुन्हा नोंदला गेला तो गाडी चालवणाऱ्यावर, म्हणजे तिच्या स्वतःच्या नवऱ्यावर. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेची 279 आणि 338 ही कलमे लागली. निष्काळजीपणाने वाहन चालविणे आणि त्यामुळे जबर दुखापत करणे, असा त्यांचा अर्थ. पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला तो गाडीचा. रस्त्याचा झाला नाही. आम्ही तसा आग्रहही धरला नाही.

आठव्या दिवशी मी वकीलसाहेबांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न केला, "खड्ड्याचा फोटो?" मी गप्प. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला फोन असताना फोटो कोणी काढला नव्हता. त्याच दुपारी मी पुतण्याला तेथे पिटाळले. तोवर गणपती जवळ आले होते. मुंबईची माणसे येणार म्हणून दरवर्षी होते तशी डागडुजी सुरू झाली होती, आणि तो खड्डा काळ्या डांबराखाली नाहीसा झाला होता. पुतण्याने नव्या डांबराचा फोटो आणला. छान गुळगुळीत दिसत होते! मी अठ्ठावीस वर्षे शेकडो पक्षकारांना "फोटो आहे का, साक्षीदार आहे का" म्हणून विचारले, आणि स्वतःच्या घरात मात्र मी हळदीचे दूध करीत बसले. त्याची टोचणी अजून आहे.

भगिनींनो, मी वकील नसले तरी एक गोष्ट मला नक्की कळते. रस्त्याचा दोष कागदावर आला नाही तर तो नाहीसा होत नाही, तो घरात येतो. आमच्या घरी तो भावजींच्या डोक्यावर येऊन बसला. "यांनी पाडली" हे वाक्य जाऊ कधी बोलली नाही, पण येणारे-जाणारे बोलले. तिची आई बोलली. कोणी थट्टेत म्हणाले, "बायकोला जपून न्यावे हो!" त्या माणसाने स्कूटर विकली, रोह्याला जाणे टाकले, आणि पोळी लाटताना तिचे मनगट थरथरले की ते उठून बाहेर जाऊ लागले. रस्ता कोणी केला, कोणी राखला, कोणी पैसे घेतले, यांतला एकही माणूस त्या घरात कधी येणार नव्हता. दोष मात्र न चुकता आला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. प्रथम वाहनाच्या विम्याचे. पुष्कळ घरी स्वस्तातला, कायद्यापुरता विमा काढलेला असतो. तो दुसऱ्या वाहनाला किंवा पादचाऱ्याला लागले तर कामाचा. मागे बसलेल्या बाईला त्यातून सहसा काही मिळत नाही. तिच्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात, किंवा पूर्ण विमा असावा लागतो. आज घरी गेल्यावर तो कागद काढून पाहा. नवऱ्याची काळजी आहे म्हणून आपण हेल्मेटचा आग्रह धरतो, मग आपल्या स्वतःच्या नावाने काय भरले आहे ते पाहण्यात लाज कसली?

दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपल्यासाठी अलिबागचे जिल्हा न्यायालय आहे. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा असे कायद्यात 2022 पासून आहे. त्या मुदतीबद्दल सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, पण आपण त्या वादावर विसंबू नये. धडक देऊन वाहन पळून गेले असेल, तरी 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूस 2 लाख आणि जबर दुखापतीस 50,000 रुपये मिळतात. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

पण आमच्यासारखे, जेथे दुसरे वाहनच नाही आणि गुन्हेगार रस्ताच आहे, तेथे काय? रस्ता राखणाऱ्यावर दावा लावता येतो, हे काही आजचे नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा 1951 साली कोसळला आणि खालची माणसे मेली. मनोरा ऐंशी वर्षांचा झालेला आणि तशा बांधकामाचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे. सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली सांगितले की रस्त्याकडेची इमारत सुरक्षित राखणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे, आणि ती पडली यातच हयगय दिसते. दावा लावणाऱ्या होत्या सुभगवंती नावाच्या एक विधवा बाई. पंधरा वर्षे त्या थांबल्या. असे दावे लागतात, जिंकलेही जातात, परंतु सरकारी खात्याला आधी दोन महिन्यांची नोटीस द्या, मग दावा, मग तारखा, मग अपील. सुगीच्या दिवसांत तारखेला अलिबागला कोण जाणार?

उच्च न्यायालयाने या दुखण्यावर हात ठेवला तो 2013 साली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईच्या खड्ड्यांविषयी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले, आणि न्यायालयाने ते पत्रच जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतले. न्यायाधीशानेही खड्ड्यांना कंटाळून पत्र लिहावे, यात मला मोठा दिलासा वाटतो! न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने त्यात सांगितले की चांगला रस्ता हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. अंतिम निकाल झाला 2018 च्या एप्रिलात. म्हणजे माझी जाऊ पडली त्याच्या चार महिने आधी. मी वर्तमानपत्र रोज वाचते, तरी ती बातमी माझ्या ध्यानात राहिली नव्हती.

त्याच याचिकेत 13 ऑक्टोबर 2025 रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि संदेश पाटील यांनी जो आदेश दिला, तो मी दिवाळीच्या फराळात हात असताना वाचला आणि अनारशाचे पीठ तसेच ठेवून जावेकडे गेले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या गटाराच्या तोंडात पडून मृत्यू आला तर वारसांना 6 लाख रुपये, आणि दुखापत झाली तर तिच्या स्वरूपाप्रमाणे 50,000 पासून अडीच लाखांपर्यंत. हे पैसे ठरवावयास समित्या नेमावयाच्या. नगरपरिषदेच्या हद्दीत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव हे त्या समितीत. मागणी झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यावयाचे, नाही तर 9 टक्के व्याज. ही रक्कम इतर कायद्यांखालच्या भरपाईच्या वेगळी. शिवाय ती ठेकेदाराकडून आणि जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावयाची. शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. सरकारच्या तिजोरीतून गेलेला पैसा म्हणजे आपल्याच खिशातून गेलेला. खड्डा ज्याने ठेवला त्याच्या खिशाला कळ लागली, तरच पुढचा खड्डा बुजेल.

आदेश झाला म्हणून पैसे चालत घरी येतील असे मी म्हणत नाही. कचेरीत राहिलेल्या बाईला एवढे भाबडे राहता येत नाही. तेथेही कागद लागणारच. पडल्याची जागा, वेळ, जबाबात खड्ड्याचा स्पष्ट उल्लेख, डॉक्टरांचा जखमेचा दाखला, औषधांची बिले, आणि कोणी पाहिले त्याचे नाव. फोटो काढताना खड्ड्यात छत्री किंवा चप्पल ठेवावी, म्हणजे खोली कळते, आणि मागे दुकानाची पाटी किंवा किलोमीटरचा दगड येऊ द्यावा. दुखापत झालेल्या माणसाला हे सुचत नाही, सुचणारही नाही. म्हणून ते काम शेजारणीचे. वकिलाचे पैसे कोठून आणावयाचे हा प्रश्न आला तर सांगते, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणाही स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच त्याची समिती असते. 15100 हा तिचा दूरध्वनी.

परंतु भगिनींनो, आमचे घोडे फोटोपाशी अडले हे अर्धेच खरे आहे. त्याच आठवड्यात वकीलसाहेब म्हणाले होते, "तरी बघू, शेजारचे दोन दुकानदार जबाब देतील का?" तेव्हा जावेनेच मला थांबविले. पलंगावर, हात प्लास्टरात, म्हणाली, "ताई, कशाची भरपाई मागू? मला काय पगार होता का, जो बुडाला?"

मला उत्तर देता आले नाही. उत्तर होते, आणि ते एका आगीच्या खटल्यात होते.

जमशेदपूरला 3 मार्च 1989 रोजी जमशेटजी टाटांच्या दीडशेव्या जयंतीचा समारंभ होता. पाहुण्यांसाठी घातलेल्या मंडपाला आग लागली आणि 60 माणसे गेली, 113 जखमी झाली. गेलेल्यांत बायका आणि मुलेच फार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले ते लता वाधवा यांच्या नावाने. न्यायालयाने भरपाईचा हिशेब करण्याचे काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे दिले. नोकरी करणाऱ्या पुरुषाचा हिशेब सोपा असतो, पगाराची पावती काढली की झाले. ज्या गृहिणी गेल्या त्यांचा कसा करावयाचा? त्यांच्या पावत्या कोठे? 15 ऑगस्ट 2001 उलटून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी निकाल लागला. चौतीस ते एकोणसाठ वयाच्या गृहिणींच्या कामाचे मोल आधी धरले होते ते न्यायालयाने फार कमी ठरविले आणि महिना 3,000 रुपये, म्हणजे वर्षाला 36,000 धरले. बासष्ट ते बहात्तर वयाच्या आजीबाईंचेसुद्धा वर्षाला 20,000 धरले. नातवंडांना सांभाळणारी म्हातारी रिकामी बसलेली नसते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर आले.

आज तो आकडा थोडका वाटेल. मला तो थोडका वाटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या तक्त्यात न कमावणाऱ्या जोडीदाराची मिळकत कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरावी असे 1994 पासून लिहिलेले होते. मी ते कितीदा टंकलिखित केले असेल! नवरा शिपाई असेल तर त्याच्या बायकोचा स्वयंपाक स्वस्त, आणि नवरा साहेब असेल तर तोच स्वयंपाक महाग. हे टंकताना मला दर वेळी हसू येई आणि रागही येई. 5 जानेवारी 2021 च्या एका निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी गृहिणीच्या कामावर स्वतंत्र पाने लिहिली. दिल्लीत मोटरसायकलवरून जाणारे जोडपे अपघातात गेले होते, त्यांच्या मुलींचा तो खटला. 2019 सालच्या सरकारी पाहणीचा आधार त्यांनी घेतला. घरकामात बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात आणि पुरुषाची 97. पाच तास आणि दीड तास. तो दीड तास कोणत्या घरी असतो हे मात्र पाहावयास हवे, आपल्या मंडळातल्या कोणी पाहिला असल्यास मला सांगावे.

दिवाळीत मी जावेपुढे पाटीवर हिशेब मांडला. ती पडली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. एकेचाळीस ते पंचेचाळीस या वयाला न्यायालये चौदाचा गुणक लावतात, तसे 2009 च्या निकालाने ठरले आहे. तिच्या कामाचे मोल महिन्याला 10,000 धरले, तर वर्षाचे 1,20,000, त्यास चौदाने गुणिले की 16,80,000. मनगटाचे अपंगत्व पाचवा हिस्सा धरले तर 3,36,000. हा आकडा कोणा न्यायालयाने दिलेला नव्हे. दहा हजार माझे आणि पाचवा हिस्साही माझा. परंतु हिशेबाची रीत न्यायालयाची आहे. जावेने पाटीकडे पुष्कळ वेळ पाहिले. म्हणाली, "एवढे काम मी करीत होते होय?" भावजी दारात उभे होते, ते म्हणाले, "मला विचारले असतेस तर मी जास्त सांगितले असते." सात वर्षांत त्या अपघाताबद्दल ते प्रथमच बोलले. तिचा दावा कधीच मुदतीबाहेर गेला होता. ते आम्हां तिघांनाही माहीत होते.

आता त्याच मनगटाची दुसरी गोष्ट सांगते, कारण रस्त्याबद्दल आपण सर्वजणी माना डोलवता आहात, आणि या पुढच्या भागाला डोलवाल की नाही याची मला शंका आहे.

जाऊ राहते नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. जुन्या कौलारू घरात आग लागली तर माणूस ओटीवरून अंगणात उडी मारी. आता आपली पेण-रोह्याची गावे उभी वाढू लागली, आणि बाहेर पडावयास जिना एकच. गेल्या उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या मीटरच्या पेटीत ठिणगी पडली आणि जिन्यात काळा धूर भरला. आग मोठी नव्हती, विझली. पण धुरात उतरताना जावेला उजव्या हाताने कठडा धरता येईना. आणि जिन्यात काय नव्हते? चपलांचे कपाट, दोन सायकली, कोणाच्या तरी लग्नातल्या गाद्या, गणपतीच्या आराशीचे थर्मोकोल. भावजींनी तिला अक्षरशः खेचून खाली आणली. धूर वर चढतो आणि जिना हीच त्याची चिमणी, हे आम्ही तेव्हा समजलो. गोरेगावच्या जय भवानी इमारतीला 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे आग लागली, तीही तळाशी, गाड्या उभ्या करण्याच्या जागी. वरच्या झोपलेल्या माणसांचे प्राण गेले.

महाराष्ट्रात 2006 सालचा आग प्रतिबंधक कायदा आहे. इमारतीतली आग विझविण्याची साधने चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्यात मालकावर किंवा ताबेदारावर टाकली आहे. परवानाधारक यंत्रणेकडून तपासणी करून तसा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावयाचा असतो. मी जावेच्या सोसायटीच्या सभेत गेले आणि दाखला मागितला. चेअरमन भले गृहस्थ आहेत, त्यांनी लाल नळकांडे दाखविले. त्याच्यावरची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली!

मग मी त्यांना जे सांगितले तेच आपणास सांगते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 माणसे धुराने गुदमरून मेली. बाहेर पडण्याची वाट अडवून जादा खुर्च्या घातलेल्या होत्या. भरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयात 2011 साली लागला, आणि वीस वर्षांवरील मृतांच्या वारसांना प्रत्येकी 10 लाख आणि त्याखालच्यांच्या वारसांना साडेसात लाख ठरले. चित्रपटगृहाला मालक होता, त्याला न्यायालयात खेचता आले. आपल्या सोसायटीचा मालक कोण? आपणच. खड्ड्याच्या दाव्यात आपण वादी असतो. जिन्याच्या दाव्यात आपण प्रतिवादी आहोत. ते चपलांचे कपाट माझ्या जावेचेच होते, हेही सांगून टाकते. तिने ते दुसऱ्या दिवशी आत घेतले. गाद्या अजून तेथेच आहेत, आणि गाद्यांच्या मालकीणबाई आज येथे बसलेल्या आहेत, म्हणून नाव घेत नाही.

स्वयंपाकाच्या गॅसचेही थोडक्यात सांगते. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता आपण भरीत नाही म्हणून तो आपल्या गावीही नसतो. सिलिंडरच्या अपघातात मृत्यू आला तर माणशी 6 लाख रुपये, औषधोपचारास माणशी 2 लाखांपर्यंत, आणि नोंदलेल्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीस 2 लाखांपर्यंत तरतूद आहे. अपघात झाला की वितरकाला ताबडतोब लेखी कळवावयाचे आणि नकलेवर पोच घ्यावयाची. कनेक्शन ज्या नावाने आणि ज्या पत्त्यावर आहे तेच खरे असावे लागते. सासऱ्यांच्या नावाचे कनेक्शन त्यांच्या मागे वीस वर्षे तसेच चालविणारी घरे मी मोजली तर आपल्या आळीतच आठ निघाली. माझे त्यांत एक होते. मागच्या महिन्यात बदलून घेतले.

जावेबद्दल एक सांगावयाचे राहिले. तिच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचे झाकण महिनाभर मोडून पडले होते. तिने डाव्या हाताने फोटो काढला, झाकणाशेजारी घरातली लाटणी ठेवून, म्हणजे भोक किती रुंद ते कळावे. अर्ज तिने सांगितला आणि मी टंकला. ज्या कचेरीचा तो रस्ता, तेथे भावजी स्वतः घेऊन गेले आणि नकलेवर शिक्का मारून घेतल्याशिवाय उठले नाहीत. झाकण चौथ्या दिवशी बसले. त्या अर्जाची नकल आणि कोरा नमुना मी चिटणीसबाईंकडे ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी आजच उतरून घ्यावा. टंकून हवा असेल तर मी रोज दुपारी तीननंतर घरीच असते.